अनंताचा दीड हात

आमच्या चिंचखारला कुणी पाव्हणा आला की मी त्याला एसटीच्या थांब्यावरच सांगून ठेवतो. बाबा, अनंताकडे जा, खुशाल जा, चहा घे, पण त्या फिल्मचं नाव काढू नकोस. तरी काढतातच. मोबाईल पुढं करतात आणि विचारतात, हे तुम्हीच ना? अनंता मान हलवतो आणि उठून गोठ्याकडे जातो. त्या गोठ्यात गेली दोन वर्षं एक जनावर नाही. नुसता खुंट्याकडे बघत उभा राहतो. अशा वेळी मला त्या पाव्हण्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. पण खरं बोलायचं तर ती माझ्याच कानाखाली बसायला हवी. फिल्मवाल्यांना अनंताच्या दारात नेणारा मी.

मी दत्तात्रेय. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. अलिबाग-पेण केली, अलिबाग-मुरुड केली, चतुर्थीला पालीच्या जादा गाड्या केल्या. दिवसभर माणसांवर ओरडायचं काम, त्यामुळे माझं तोंड सुटलं ते सुटलंच. घरी बायको म्हणते, तिकीट फाडल्यासारखे बोलता. अनंता माझ्याच वयाचा, एका बाकावर शिकलो आणि एकाच वर्षी नापास झालो. पण मी शंभर वाक्यं बोलेन तेव्हा हा एक बोलणार, आणि ते एक कधी खोटं असायचं नाही. गावात जमिनीची भांडणं झाली की लोक म्हणायचे, अनंताला विचारा, आणि तो जे सांगेल त्यावर भांडण मिटायचं.

आता आमची जमीन कशी ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची शेतं खाडीला लागून आहेत आणि भरतीचं पाणी चढलं की ते शेतांच्या वर असतं. मध्ये फक्त मातीचा बांध. आम्ही त्याला बाहेरकाठा म्हणतो. तो आहे म्हणून भात आहे, गोड्या पाण्याची तळी आहेत, तळ्यात जिताडा मासा आहे. तो फुटला, त्याला खांड पडली, की खारं पाणी आत आणि सगळं खलास. हा बांध सरकारनं बांधलेला नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी चिखलाच्या ढेपा एकावर एक लावून बांधला आणि सांभाळला जोळीनं. जोळ म्हणजे घरटी एक माणूस. चैत्र-वैशाखात भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती मवाळ असते तेव्हा, सगळं गाव बांधावर. पुरुष खाडीतला चिखल कापायचे, बायका पाट्या वाहायच्या. मजुरी नाही, हजेरी नाही. जो येणार नाही त्याच्या घरी वर्षभर कुणी हळदीकुंकवाला जायचं नाही, एवढी शिक्षा पुरायची. माती बसते, पावसानं वाहते, म्हणून दर साली वर नवी टाकायची.

आणि मग अनंताची काठी. ऐनाच्या लाकडाची, तीन हात लांब, दर पाव हाताला तांब्याची चूक ठोकलेली. त्याचा आजा कोंडाजी हा बांधाचा राखणदार होता, मग बाप, मग अनंता. काम एकच. अमावास्येला आणि पौर्णिमेला भर दुपारी उधाणाचं पाणी पुरं चढलं की बांधाच्या माथ्यावर बसायचं आणि काठी खाली सोडून बघायचं, माथ्यापासून पाणी किती खाली आहे. दीड हात असलं की गाव सुखी. सव्वा हात झालं की पुढच्या जोळीला जास्त माती. अनंता परत येताना लोक ओट्यावरून विचारायचे आणि हा चालता चालता म्हणायचा, दीड हात. बस. गावाला तेवढं पुरायचं.

त्याच्या लग्नाची हळद नेमकी पौर्णिमेला लागली. बायका गाणी म्हणतायत, हळदीची वाटी तयार, आणि नवरदेव गायब. कुठं आहे तर बांधावर, अंगाला अर्धी हळद फासलेली आणि हातात काठी. सोनूबाई, म्हणजे आमची वयनी, अजूनही ते काढते. म्हणते, माझ्याआधी ह्याचं त्या काठीशी लागलं होतं. मी म्हणायचो, वयनी, सवत जरा बारीक आहे, चालवून घ्या. तेव्हा हसायला यायचं.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मी पोयनाडला बाजाराला गेलो होतो. चहाच्या टपरीवर एक बाई आणि एक कॅमेरावाला बसलेले. बाईचं नाव अमिषा, मुंबईची, मराठी चांगलं बोलणारी. कॅमेरावाला साहिल, तो बोलतच नव्हता, नुसते वडापाव खात होता. मला कुणाशीही बोलायची खोड. कुठून आलात, कशाला आलात, विचारून घेतलं. तिनं सांगितलं की ती एक माहितीपट करतेय. जगात बोंब चाललीय की माणसाच्या धुरामुळं हवा तापतेय आणि समुद्र वर चढतोय. तिचं म्हणणं, हे सगळं भीती दाखवायचं काम आहे. हवा आपोआप बदलते, समुद्र हजारो वर्षं वरखाली होत आलाय, माणसाचा त्यात हात नाही. किहीमला, मुरुडला जाऊन आली होती. लोक नुसतं वाटतं वाटतं म्हणतात, मोजलेलं कुणाकडेच नाही, अशी तिची तक्रार.

मोजलेलं म्हटल्यावर माझं तोंड गप्प बसणार होय? मी छाती काढून म्हटलं, बाई, मोजणारा माणूस बघायचाय तर चला आमच्या गावात. तीन पिढ्यांचं माप आहे. वडापावचे पैसे तिनं दिले म्हणून मला आणखी चेव आला असेल.

बाई वाईट नव्हती, हे मला सांगायलाच हवं. अनंताच्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, सोनूवयनीला वाकून नमस्कार केला, जिताड्याचं कालवण दोनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. दुपारी भरतीला आम्ही सगळे बांधावर गेलो. अनंतानं धुवट सदरा घातला होता, वयनीनं घालायला लावला असणार. नेहमीच्या जागी, उघाडीशेजारी बसला. उघाडी म्हणजे बांधातलं दगडी दार, ओहोटीला आतलं पाणी सोडायला आणि भरतीला आपोआप मिटायला. काठी सोडली, वाकून बघितलं आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाला,

"ह्यो बघा, दीड हात. माज्या आज्याचा दीड हात, बापाचा दीड हात, माजा दीड हात. दर्या हाय तिथंच हाय."

बाईनं विचारलं, मग पेपरात येतं त्याचं काय? तर अनंता म्हणाला, पेपरवाल्यांनी कवा काठी धरलीय? मी मोठ्यानं हसलो. ते हसणं फिल्ममध्ये आहे. अनंताचा चेहरा दिसतो आणि मागून माझं हसणं येतं.

फिल्म पुढच्या चैत्रात आली. देवळासमोर पांढरा कपडा लावून सगळ्या गावानं बघितली. बर्फातला कुणी गोरा म्हातारा येतो, रेघांचे तक्ते येतात, दोन प्रोफेसर येतात, त्यातलं आम्हाला काय कळणार. पण शेवट आमचा. खाडी वरून दिसते, बांध दिसतो, अनंता काठी सोडतो आणि ते वाक्य बोलतो. त्यावर फिल्म संपते. टाळ्या पडल्या. उरणला कंटेनरचा ट्रेलर चालवणारा अनंताचा मुलगा विनेश, त्यानं फोन करून सांगितलं की बंदरात ड्रायव्हर लोक ती फिल्म बघतायत. लाखो लोकांनी बघितली म्हणे. अनंताला मी चिडवायचो, हिरो, आता आम्हाला ओळख देशील ना? तो म्हणायचा, दत्तू, गप बस. पण आतून खूष होता. त्याचं काम आयुष्यात पहिल्यांदा कुणी बाहेरच्यानं बघितलं होतं.

इकडे बांधाची अवस्था काय होती? जोळ मोडत चालली होती. ऐंशी घरांचं गाव, पण तरणे सगळे ट्रेलरवर, कंपनीत, नाहीतर नवी मुंबईत. घरटी माणूस कुठून आणायचा? चैत्रात वीस-पंचवीस जण यायचे, त्यातले निम्मे आमच्यासारखे गुडघे धरून बसणारे. तीन वर्षांत पाच ठिकाणी खांड पडता पडता राहिली होती. अनंताची पुतणी कल्पिता ग्रामपंचायतीत आहे, बी.एस्सी. झालेली, डोक्यानं तल्लख. तिनं शोधून काढलं की भरतीची पातळी वाढल्यामुळं ज्या गावांचे बांध धोक्यात आहेत त्यांना सरकार दगडी बांध बांधून देणार आहे. दगडी बांध झाला तर जोळ नसली तरी गाव जगेल. दोन वर्षं तिनं हेलपाटे घातले. बांधाचे फोटो, सह्या, ठराव, सगळं जोडलं. फिल्म आली त्याच वर्षी ज्येष्ठात अलिबागला साहेबापुढं सुनावणी लागली. गावाचं जे काय व्हायचं ते त्या एका कागदावर अवलंबून होतं, आणि हे प्रत्येकाला माहीत होतं.

आम्ही पंधरा जण गेलो. साहेब तरुण होता, बोलायला सभ्य. त्यानं कल्पिताचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मॅडम, अर्ज दहा गावांचे आहेत आणि काम चार गावांचं व्हायचंय, तेव्हा पातळी खरंच कुठं वाढलीय ते मला बघावं लागतं. असं म्हणून त्यानं लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. खाडी, बांध, अनंता, काठी. आणि माझं हसणं.

साहेबानं विचारलं, हे काका आज आलेत का? अनंता उभा राहिला. कल्पितानं त्याचा सदरा मागून धरला होता, मी बघितलं. साहेबानं विचारलं, तुम्ही यात बोललात ते खरं की खोटं?

आता इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, साहेब, म्हातारा झालो, काहीतरी बोललो. मी तर हमखास म्हणालो असतो, बत्तीस वर्षांत मी डेपोत काय काय सांगितलंय. पण हा अनंता. सत्तर वर्षांचा माणूस, पंधरा गाववाल्यांच्या देखत म्हणाला,

"खरं. माप मी खोटं सांगत न्हाय."

साहेबानं लिहून घेतलं. आठ दिवसांत पत्र आलं. भरतीची पातळी वाढल्याचं ग्रामस्थांच्याच सांगण्यावरून दिसत नाही, बांध देखभालीअभावी कमकुवत झाला आहे, आणि देखभाल ही शेतकऱ्यांची जबाबदारी आहे. अर्ज निकाली. कल्पिता ते पत्र वाचून दाखवताना रडली नाही. फक्त म्हणाली, काका, मी तुमच्यावर रागावलेले नाही. तिच्या तोंडावरून तसं वाटत नव्हतं.

पत्र आलं त्या दुपारी मी अनंताच्या पडवीत बसलो होतो. सोनूवयनी बोंबील साफ करत होती. अनंता पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता की मी काय खोटं बोललो, दीड हात तर दीड हातच आहे. वयनी विळी बाजूला सरकवून म्हणाली,

"दीड हात आनि दीड हात. चालीस वरसं मी डोक्यावरनं माती व्हायली, ती मंग कुठं गेली?"

अनंता म्हणाला, माती बसते, बसते म्हणून तर टाकतो.

"सगलीच बसते?" वयनीनं विचारलं, आणि पुन्हा बोंबील साफ करायला लागली.

मला पटकन काही लक्षात आलं नाही. मी म्हटलं, वयनी, त्याला आणखी नका टोचू. पण अनंताचा चेहरा उतरला होता. तो काठी काढून तिच्याकडे बघत बसला. मी जायला निघालो तरी त्यानं वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्यानं मला बोलावलं. हातात कोयता. उघाडीशी खाली चिखलात उतरलो. सगळा बाहेरकाठा चिखलाचा, पण उघाडी कातळावर बसवलेली आहे, ती खचत नाही, बसत नाही. तिच्या बाहेरच्या दगडावर कोंडाजीनं एक आडवी खूण कोरली होती. उघाडी बांधली त्या वर्षी नारळी पौर्णिमेचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. लहानपणी आजानं दाखवलेली, मग काठी हातात आली आणि खुणेची गरज राहिली नाही. आता तो सगळा दगड कालवांनी भरला होता. अनंता कोयत्यानं खरवडत होता, शिंपल्यांच्या धारेनं त्याची बोटं कापली, तरी थांबेना. खूण सापडली. कालवं खुणेच्या वरही चिकटलेली होती. भरतीचं पाणी पुन्हा पुन्हा लागल्याशिवाय कालव दगडाला धरत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं.

खात्री हवी म्हणून श्रावणाच्या पौर्णिमेपर्यंत थांबलो. त्या दिवशी उधाण पुरं चढल्यावर अनंता कमरेला दोर बांधून उघाडीच्या दगडाला धरून पाण्यात उतरला. दोर मी धरला होता. खुणेवर एक वीत पाणी होतं. मग वर येऊन, ओल्या कपड्यानं, नेहमीच्या जागी बसून त्यानं काठी सोडली. दीड हात.

"दत्तू, दोनी खरं हाय रं," तो म्हणाला. "मी दर्या मापीतच नवतो. आपुन जेवडी माती टाकली तेवडीच मापीत व्हतो."

समजतंय ना? पाणी चढत गेलं आणि त्याबरोबर आम्ही बांध चढवत गेलो. काठी सव्वा हात म्हणाली की पाट्या जास्त टाकल्या, पुन्हा दीड हात केला. साठ-सत्तर वर्षं. आम्हाला वाटायचं, बसलेल्या मातीची भरपाई करतोय. त्यातली एक वीत समुद्राला जात होती हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. गाव वाचवायला ते माप बरोबर होतं. त्या बाईच्या प्रश्नाला ते चालणार नव्हतं, आणि आम्ही दोघं येड्यासारखे तेच घेऊन उभे राहिलो, एक बोलला आणि एक हसला.

अनंता, मी आणि कल्पिता साहेबाकडे गेलो. खुणेचा फोटो दाखवला. साहेबानं बघितला. म्हणाला, यादी मुंबईला गेली, आता माझ्या हातात काही नाही, पुढच्या वेळी नवा अर्ज करा. मग अनंताकडे बघून, अगदी सहज, कागद आवरता आवरता म्हणाला, "काका, तुमचं नक्की कुठलं खरं धरायचं?"

अनंताला तेवढं पुरलं. परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. सत्तर वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं.

अमिषाबाईला फोन मी केला. शिव्या घालायच्या तयारीनं केला, आणि घालता आल्या नाहीत. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. वाईट वाटलं म्हणाली, आणि खरंच वाटलं असावं. पण म्हणाली, काका स्वतःहून बोलले, मी त्यांचा एक शब्द कापला नाही, एक जोडला नाही. हे खरंच होतं. मग म्हणाली, एका गावातल्या एका दगडावरून काही सिद्ध होत नाही. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाई, एका गावातल्या एका काठीवर तुझी फिल्म संपते, मग दगडाला काय धाड भरली? बघते म्हणाली, फिल्मखाली एक ओळ टाकता येते का ते. ओळ काही आली नाही. फिल्म अजून तशीच आहे.

आणि त्याच वर्षी भाद्रपदातली अमावास्या आली. भात पोटरीत होतं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. दुपारी साडेबाराच्या सुमारास हाक आली, खांड पडली. उघाडीपासून तीस पावलांवर. आमच्याकडे ही हाक आली की हातातला घास टाकून धावायचं, आणि घराचं दार बिजागरीतून उचलून न्यायचं. पाण्यात दार आडवं धरायचं, मागं पेंढा आणि चिखल कोंबायचा. माझ्या लहानपणी एका हाकेला साठ दारं आलेली मी बघितलीत. त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. चौघं सत्तरीच्या पुढचे. दारं आली चार. बाकीच्या घरांना लोखंडी गेट आहेत, नाहीतर कुलूप आहे.

सोनूवयनीनं स्वतःच्या घराचं दार डोक्यावर आणलं. अनंता छातीभर पाण्यात ते दार पाठीला लावून उभा राहिला आणि आम्ही मागून कोंबत राहिलो. तासभर त्यानं पाणी अडवलं, एकट्या पाठीवर. मग बांधाचा आणखी एक तुकडा बाजूनं सुटला आणि दार, पेंढा, अनंता, सगळं आत शेतात वाहत गेलं. त्याला आम्ही भातातून ओढून काढला. तोंडात खारं पाणी होतं आणि तो म्हणत होता, दार बघा, दार बघा. दार मिळालं नाही. विनेश संध्याकाळी जेसीबी घेऊन आला, पण मातीच्या बांधावर ते धूड चढेना. पुढच्या भरतीला खांड दुप्पट झाली. आठवड्यात तिच्यातून होडी जाईल एवढी झाली.

दोन वर्षं झाली त्याला. भात जळलं, तळी खारी झाली, जिताडे पोटं वर करून तरंगले, गुरं विकली. आता सोनूवयनीच्या शेतात, जिथं आमच्या भागातला सगळ्यात चांगला राता, म्हणजे लाल भात व्हायचा, तिथं तिवरं, खारफुटीची रोपं, उगवलीत. गुडघ्याएवढी झाली. वनखात्याचा माणूस येऊन सांगून गेला की ती तोडाल तर गुन्हा लागेल. सातबाऱ्यावर अजून अनंताचं नाव आहे. वयनी कधी कधी बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर जाऊन उभी राहते आणि त्या रोपांकडे बघते. मी एकदा विचारलं, काय बघता? म्हणाली, माझी माती बघते.

कल्पितानं नवा अर्ज केला होता. उत्तर आलं की शेतजमीनच उरली नसल्यानं बांधाचा प्रश्न उद्भवत नाही.

गावानं अनंताला तोंडावर काही म्हटलं नाही, पण ओट्यावरून कुणी विचारायचं बंद झालं. नाक्यावरची पोरं त्याला दीड हात म्हणतात. एकाला मी धरून चांगला वाजवला, तर त्याचा बाप माझ्याकडे भांडायला आला. म्हणाला, खोटं काय बोललं माझं पोरगं? मी म्हटलं, हसणारा मी होतो, मला म्हण. पण मला कुणी काही म्हणत नाही. फिल्ममध्ये माझं तोंड दिसत नाही ना.

मागच्या महिन्यात दुसरी फिल्मवाली माणसं आली. त्यांना उलटं हवं होतं, समुद्र वाढला म्हणून सांगणारा माणूस. चांगली माणसं होती तीही. अनंतानं हात जोडले आणि गोठ्याकडे गेला.

या वर्षी नारळी पौर्णिमेला मी दुपारी बांधाकडे गेलो, उगाचच. तर अनंता येताना दिसला, धुवट सदरा, हातात काठी. गावातून चालत आला, कुणी काही विचारलं नाही. उघाडीशेजारची त्याची बसायची जागा उरलेली नाही. या पावसाळ्यात तोही तुकडा गेला. कोंडाजीच्या खुणेचा दगड पाण्याखाली होता. समोर खाडी आणि मागं शेतं, दोन्हीकडे एकच पाणी. अनंता तुटलेल्या कडेपर्यंत गेला, गुडघे टेकून बसला, काठी उभी धरली. बराच वेळ तसाच हात लांब करून बसला. मग माझ्याकडे बघितलं.

"दत्तू," तो म्हणाला, "कुठनं मापू?"

मी त्याच्याशेजारी खाली बसलो. पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो.